लॅप स्टीलवर नाट्यपदं: सिंगल कॉइल, पी-९०, हंबकर की हॉर्सशू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. सहा तारांचं, सागवानी फळीचं लॅप स्टील आहे, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची विजेची गिटार. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज मोकळ्या तारेची लांबी, साडेबावीस इंच, म्हणजे ५७१.५ मिमी. ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत अंतर ४७.५ मिमी. ट्युनिंग ए मेजर, लो बेस: खर्जाकडून ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. तारा निकेलच्या, बारीककडून ०.०१५, ०.०१७, ०.०२४, ०.०३२, ०.०४२, ०.०५४ इंच.

सध्या त्यात स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारचा साधा सिंगल कॉइल पिकअप आहे, म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणारा एका कॉइलचा भाग, मध्य ब्रिजपासून ४० मिमीवर. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पॉट (फिरवायची बटणं) २५० के, म्हणजे किलोओहम. तक्रारी तीन. वरच्या दोन तारा खालच्या फ्रेटांवर टोचतात. तिसरी आणि चौथी तार उसळते, दुसरी मात्र दबलेली राहते. आणि मंडपात भुणभुण असह्य होते.

वाजवायची आहेत नाट्यपदं आणि अभंग. लांब मींड, स्वर गळ्यातून आल्यासारखा भरीव, पण मुरकीतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायला हवा. पी-९० (एका कॉइलचा, पण जास्त वेढ्यांचा), हंबकर (भुणभुण कापणारा, दोन कॉइलांचा) आणि हॉर्सशूची (नालासारख्या चुंबकांच्या जुन्या पिकअपची) नक्कल असे तीन पर्याय समोर आहेत. इंटरनेटवरच्या क्लिप ऐकून काहीच ठरत नाही, प्रत्येक क्लिप वेगळंच सांगते. घरच्या घरी खरी तुलना कशी करावी आणि या सुरासाठी काय घ्यावं?

तारेवरचा_बोल (मिरज)

पिकअप बदलण्याआधी आहे त्याची जागा आणि उंची पाहा. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

आधी उसळणाऱ्या तारांचं. स्ट्रॅटच्या जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये सहा चुंबकांच्या उंच्या वेगवेगळ्या असतात. बाकदार फ्रेटबोर्ड आणि त्या काळची गुंडाळलेली तिसरी तार धरून ती रचना केलेली आहे: मधले दोन चुंबक उंच, दुसऱ्या तारेखालचा सगळ्यात खाली. लॅप स्टीलवर सगळ्या तारा एका सपाट पातळीत असतात, त्यामुळे तिसरी-चौथी चुंबकाच्या फार जवळ येते आणि दुसरी लांब राहते. पण उंच चुंबक ठोकून खाली बसवायला जाऊ नका. या पिकअपमध्ये केसाहून बारीक तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, चुंबक सरकला की आतली तार तुटते आणि पिकअप संपतो. सपाट चुंबकांचा पिकअप घ्या, किंवा स्क्रूचे पोल (तारेखालची चुंबकीय टोकं) असलेला, नाहीतर अखंड पट्टीचा.

पट्टीचा म्हणजे ब्लेड पिकअप स्टीलसाठी मला अधिक पटतो, कारण तारांमधल्या अंतराचा प्रश्नच मिटतो. स्ट्रॅटच्या बाहेरच्या दोन पोलांतलं अंतर साधारण ५२ मिमी, तुमच्या तारांचं ४७.५. म्हणजे दोन्ही कडांच्या तारा पोलच्या सव्वादोन मिमी आत पडतात. साध्या गिटारवर तार ओढली की ती पोलवरून सरकते आणि परत येते, स्टीलवर ती आहे तिथेच राहते, त्यामुळे हा फरक कायमचा बसतो. पिकअप तिरका बसवून अंतर जुळवता येतं, पण ५२ चं ४७.५ करायला सुमारे २४ अंश तिरकं करावं लागतं. मग एक टोक दुसऱ्यापेक्षा २१ मिमी पुढे जातं. तसं करायचंच असेल तर खर्जाची बाजू ब्रिजकडे आणि बारीक तारांची बाजू लांब ठेवा, म्हणजे स्ट्रॅटच्या उलट. खर्ज स्वच्छ येतो, बारीक तारा भरतात.

आता जागा, आणि हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. बार सरकला की वाजणारी तार आखूड होते, पिकअप मात्र जागचा हलत नाही. ४० मिमीवरचा पिकअप मोकळ्या तारेच्या लांबीच्या ७ टक्क्यांवर आहे, बाराव्या फ्रेटला तोच १४ टक्क्यांवर जातो. म्हणून खालच्या फ्रेटांवर टोचतो आणि वर गेल्यावर गोल होतो. ६० मिमीवर नेलात तर मोकळ्या तारेला साडेदहा टक्के, बाराव्याला २१, सतराव्याला २८. नाट्यपदांची बरीचशी कामगिरी पाचव्या ते पंधराव्या फ्रेटमध्ये होते, त्या पट्ट्यासाठी ५५ ते ६५ मिमी योग्य. ७५ च्या पुढे गेलात तर वरच्या सप्तकात आवाज बोथट होतो आणि मुरकी गिळली जाते.

फळी कोरण्याआधी पिकअप दोन लाकडी ठोकळ्यांवर दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता उभा करा आणि ४०, ५०, ६०, ७० मिमीवर ऐका. स्टीलवर तारा फळीपासून उंच असतात, त्यामुळे पिकअपखाली हा ठोकळा मावतो. ब्रिज जवळ असेल तिथे तारेची हालचाल कमी असते, म्हणून प्रत्येक जागी उंची नव्याने लावा.

उंची: सुरुवात बारीक तारेखाली ३ मिमी, जाड तारेखाली ४ मिमी. बार तार दाबत नाही, त्यामुळे हे अंतर सगळ्या फ्रेटांवर जवळपास तेवढंच राहतं. फार जवळ नेला तर अल्निको ५ या मिश्रधातूचे चुंबक जाड तारेला ओढतात, स्वर दुहेरी लागतो, त्यात लाटा ऐकू येतात आणि टिकाव कमी होतो. मींड कोमल गंधारावर थांबवून पाहा, लाटा असतील तर तिथे लगेच कळतील. अर्धा-अर्धा मिमी खाली न्या.

ब्रिज आणि नट एका पातळीत आहेत ना, ते स्टीलच्या पट्टीने तपासा. एखादी तार पाव मिमी खाली असली तरी बारखाली ती खरखरते आणि दोष पिकअपवर जातो. नट नवा करायचा तर मिरजेतले सतारमेकर हाडाचं काम सफाईने करतात. फक्त आधी सांगा की जवारी (सतारीसारखा झणझणता उतार) काढायची नाही, तार एका धारेवरच टेकली पाहिजे. सवयीने उतार दिला गेला तर स्टीलवर तो झणझणाट नको तिथे येतो.

डाग_आणि_धागा (सातारा)

वरच्या जागेच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. मी विजेच्या बाजूने लिहितो, कारण क्लिपा वेगवेगळं सांगतात त्याचं मोठं कारण तिथे आहे.

पिकअप एकटा वाजत नाही. कॉइलचं इंडक्टन्स (हेन्रीत मोजतात) आणि केबलचं कपॅसिटन्स (पिकोफॅरडमध्ये मोजतात) मिळून एका कंपनसंख्येवर आवाज उठतो, ते शिखर; त्याच्या वरचे सूर गळतात. साधी केबल मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरा. ५ मीटर केबल आणि कॉइलचे स्वतःचे १०० धरले तर ६०० पिकोफॅरड. त्यावर २.५ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचं शिखर ४१०० हर्ट्झच्या आसपास, ४.५ हेन्रीच्या हंबकरचं ३०५०, ७ हेन्रीच्या पी-९० चं २४५०. आता स्ट्रॅटला १० मीटर केबल लावा: शिखर ३०३० वर येतं, म्हणजे हंबकरच्या जागी. केबल न सांगता केलेली तुलना म्हणूनच निरुपयोगी.

पॉटही तसेच. २५० के चे दोन पॉट आणि अ‍ॅम्पचा १ मेगा मिळून कॉइलवर भार पडतो सुमारे १११ के. त्यात ५०० के चं साधं व्हॉल्यूम पेडल आलं की ९१ के. शिखर बसकं होतं, टोचणं कमी होतं. तुमच्या टोचण्यावर फुकटचा पहिला उपाय हाच: पॉट बदलू नका, जागा बदला आणि लांब केबलने वाजवून पाहा. हंबकर लावलात तर मात्र ५०० के घाला, २५० वर तो मळकट होईल.

तुलनेची पद्धत अशी ठेवा:

१. तारा नव्या, सगळ्या पिकअपना एकाच दिवशी लावलेल्या. फॉस्फर ब्राँझ नको. चुंबकीय पिकअपला त्यातला आतला पोलादी गाभाच कळतो, जाड तारा दुबळ्या येतात.

२. केबल एकच, टोन पॉट पूर्ण उघडा, बार तोच, नख्या त्याच, तार छेडायची जागा फळीवर पट्टी चिकटवून ठरवलेली.

३. ऑडिओ इंटरफेसच्या हाय-झेड (गिटार थेट जोडायच्या) इनपुटमध्ये थेट घ्या. मोबाइलच्या माइकवर घेऊ नका, त्यातलं आपोआप आवाज सांभाळणारं तंत्र फरकच पुसून टाकतं.

४. तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या फ्रेटवर तीच ओळ. एक सुटा स्वर, एक लांब मींड, एक मुरकी.

५. नंतर सगळ्या फायलींचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत सारखा करा आणि नावं झाकून दुसऱ्याला वाजवायला सांगा. एक-दीड डेसिबल मोठं असलेलं कानाला नेहमी ‘जास्त चांगलं’ वाटतं. पी-९० बहुतेक तुलनांत जिंकतो तो याच जोरावर.

मल्टिमीटरवरचा ओहमचा आकडा बघून पिकअप ‘गरम’, म्हणजे जोरकस, ठरवू नका. तार बारीक घेतली की त्याच वेढ्यांत आकडा वाढतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. साताऱ्यात थंडीत पहाटे १५ अंशांना ८.० के दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना ८.७ के दाखवेल. पिकअप तोच, आवाज तोच.

कुणी कॉइलचं रिवाइंडिंग करून घेणार असेल तर गेजची (तारेच्या जाडीच्या क्रमांकाची) गफलत टाळा. पिकअपच्या माहितीत ‘४२ गेज’ म्हणतात तो अमेरिकन गेज, ०.०६३ मिमी. आपल्याकडच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ४२ मागितलात तर ब्रिटिश गेज मिळेल, ०.१०२ मिमी. तेवढी जाड तार बॉबिनवर मावणारच नाही, वेढे निम्म्याहून कमी बसतील. ब्रिटिश ४६ मागा, ती ०.०६१ मिमी असते, आणि मायक्रोमीटरने मोजून घ्या.

खर्जप्रेमी (कराड)

हॉर्सशूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९३२ च्या रिकनबॅकर फ्राइंग पॅन या लॅप स्टीलवर आला तो हाच. नालासारखे दोन चुंबक तारांना वरून वेढा घालतात, तार चुंबकांच्या पोटातून जाते, कॉइल खाली असते. चुंबकांची रुंदी आधी दीड इंच होती, पुढे सव्वा इंच झाली. स्वर पोकळ न वाटता भरीव येतो आणि सुरुवातीचा ठोका मऊ होतो, मींडेला हे फार शोभतं. गाण्याच्या अंगाने वाजवायचं असेल तर सुराच्या दृष्टीने मी तोच पहिला ठेवेन.

अडचणी हाताच्या आहेत. ब्रिजजवळ तळहात टेकवून तार बंद करायची सवय असेल तर वरची कमान आडवी येते. तार बदलताना ती ओवावी लागते. आणि नकलांमध्ये बऱ्याचदा वरची कमान नुसती शोभेची, निकेल चढवलेली पट्टी असते. घेण्यापूर्वी कमानीला वरून छोटी टाचणी लावून पाहा. टाचणी लोंबकळली नाही तर तो हॉर्सशू नव्हे, झाकण घातलेला साधा सिंगल कॉइल आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. ६० मिमीवर ठोकळ्यांवर बसवून पाहिला, टोचणं खरोखर गेलं. हॉर्सशूचा स्वर मनात भरलाय, पण मंडपातली भुणभुण त्याने जाणार नाही ना? आणि हंबकर घेतला तर मुरकी मळकट होईल ही भीती आहे.

डाग_आणि_धागा (सातारा)

नाही जाणार. हॉर्सशू असो की पी-९०, कॉइल एकच, त्यामुळे भुणभुण राहणारच. पी-९० मध्ये वेढे जास्त म्हणून ती स्ट्रॅटपेक्षाही मोठी.

मंडपासाठी चार तारांच्या केबलचा हंबकर घ्या आणि दोन्ही कॉइल सिरीज (एकापुढे एक) न जोडता पॅरलल (समांतर) जोडा. सिरीजमध्ये ४.५ हेन्री असलेला पॅरललमध्ये सव्वा हेन्रीच्याही खाली येतो, शिखर ५ मीटर केबलवर ६००० हर्ट्झच्या आसपास जातं. मुरकी सुटी राहते आणि भुणभुण दोन्ही जोडण्यांत कापली जाते. जोडणी बदलणारा सहा टोकांचा डीपीडीटी स्विच लावला तर पदाच्या संथ भागाला सिरीज, तानेला पॅरलल. आवाज पॅरललमध्ये बराच कमी होईल, तो अ‍ॅम्पवर भरून काढा, पिकअप वर उचलून नको. फेंडरने १९५३ च्या स्ट्रिंगमास्टर स्टील गिटारवर दोन उलट गुंडाळलेले पिकअप देऊन हाच प्रश्न सोडवला होता, तेव्हा स्टीलला हंबकर परका नाही.

जोडताना चूक झाली, म्हणजे एका कॉइलची टोकं उलटी लागली, तर आवाज बारीक, नाकातला येतो, खर्ज गायब होतो आणि भुणभुण उलट वाढते. त्या कॉइलच्या दोन तारा आपसात बदला.

मंडपात आधी दोन गोष्टी तपासा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा लाइटचा डिमर ज्या लाइनवर आहे तिच्यावर अ‍ॅम्प नको. ती चिरचिर हंबकरनेही पूर्ण जात नाही. दुसरं, बार तारांवर टेकवल्यावर भुणभुण कमी झाली तर तारांचं अर्थिंग ठीक आहे, कमी पडतंय ते आतलं शील्डिंग (भुणभुण अडवणारं धातूचं आवरण). पोकळीत तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंडला जोडा. हात लावल्यावर भुणभुण वाढली किंवा झिणझिण्या आल्या तर तिथला अर्थ तुटलेला आहे. स्टीलवादकाचा हात सतत धातूवर असतो, समोर माइकही असतो. मंडपवाल्याकडून अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत वाद्याला हात लावू नका.

तारेवरचा_बोल (मिरज)

एक भर. हंबकरच्या दोन कॉइलांमध्ये साधारण १८ मिमी अंतर असतं. ६० मिमीची खूण दोन्हींच्या मध्यावर धरा, ब्रिजकडच्या कॉइलवर नाही. आणि मोठ्या आवाजात पिकअप किंचाळत असेल तर कॉइल मेणात बुडवून घ्या: चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६५ अंश, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं. थर्मामीटर आतच ठेवा. ७० च्या वर बॉबिनचं प्लास्टिक वाकतं. मेणाचं भांडं थेट ज्योतीवर कधीही ठेवू नका.