मदत हवी आहे: फोटोंना चौकट आणि खाली नाव, सगळ्यांना एकसारखं कसं टाकायचं?

कवडसा:
फोटोंना पांढरी चौकट आणि खाली उजवीकडे © व नाव टाकायचं आहे. एका फोटोवर केलं, छान आलं. तेच बाकीच्यांवर चालवलं तर कुठे चौकट जाडजूड, कुठे दोऱ्याएवढी. नाव काहींत वाचताच येत नाही, काहींत थेट फोटोवर चढतं. उद्या रात्रीपर्यंत सगळे पाठवायचे आहेत. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

भ्रमर:
सॉफ्टवेअर कुठलं? ‘चालवलं’ म्हणजे नेमकं काय चालवलं?

जुना_खेळाडू:
कुठलंही असू दे, सरळ इरफानव्ह्यू घ्या. हलकं आहे, घरगुती वापराला फुकट. बॅच कन्व्हर्जनच्या (एकदम अनेक फोटोंवर काम करायच्या) ॲडव्हान्स्ड भागात चौकटीसाठी कॅनव्हास साइज आणि नावासाठी ओव्हरले टेक्स्ट दोन्ही मिळतं. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

अबोली:
चौकटीत नाव टाकून उपयोग काय? चौकट कापली की नावही गेलं. फोटोच्या मधोमध, फिकट पारदर्शक अक्षरांत टाका.

एक_वाचक:
अबोली, अजिबात पटलं नाही. बघणाऱ्याची नजर आधी त्या अक्षरांवर जाते. ज्यासाठी एवढी मेहनत घेतली तो फोटोच झाकायचा का?

अबोली:
माझे फोटो नाव कापून दुसऱ्यांनी वापरलेत, म्हणून सांगतेय. ज्याच्या बाबतीत घडलं नाही त्याला हे कळणार नाही.

कवडसा:
मधोमध नको आहे, चौकटीतच हवंय. सॉफ्टवेअर फोटोशॉप. ॲक्शन (एकापाठोपाठच्या पायऱ्यांची नोंद) रेकॉर्ड केली आणि बॅचवर लावली. आता नवं सॉफ्टवेअर शिकायला वेळ नाही.

भ्रमर:
फोटो किती पिक्सेलचे? उभे-आडवे मिसळलेत का?

कवडसा:
हो, दोन्ही आहेत. काही कॅमेऱ्याचे, काही मोबाइलचे, बरेचसे क्रॉप केलेले. त्याने काय फरक पडतो? ॲक्शन तर एकच आहे.

भ्रमर:
सगळा फरक त्यानेच पडतो. ६००० पिक्सेल रुंद फोटोला ४० पिक्सेलची चौकट म्हणजे रुंदीचा दीडशेवा भाग. १२०० रुंदीच्या क्रॉपला तीच चौकट तिसावा भाग होते. अक्षरांचंही तसंच.

जुना_खेळाडू:
मग चौकट टक्क्यांत द्यायची, काम झालं.

भ्रमर:
नाही होत. टक्के रुंदीचे वेगळे आणि उंचीचे वेगळे धरले जातात. ३:२ च्या आडव्या फोटोला बाजूच्या पट्ट्या वरखालच्या दीडपट जाड येतील, आणि उभ्याला नेमकं उलटं. आधी सगळे फोटो एका मापात आणा.

कवडसा, ॲक्शन नव्याने अशी रेकॉर्ड करा. सुरुवातीला फाइल → ऑटोमेट → फिट इमेज, दोन्ही रकान्यांत २०४८. याने उभा असो की आडवा, लांब बाजू २०४८ होते, प्रमाण बिघडत नाही. मग इमेज → कॅनव्हास साइज, रिलेटिव्हवर खूण, एकक पिक्सेल, रुंदी ८०, उंची ८०. म्हणजे चारही बाजूंना ४०. रंगाची निवड बंद दिसली तर लेयर ‘बॅकग्राउंड’ नाहीये, आधी फ्लॅटन करा, म्हणजे सगळे लेयर (थर) एक होतील. नावासाठी खाली जास्त जागा हवी असेल तर पुन्हा कॅनव्हास साइज, अँकर वरच्या मधल्या चौकोनावर ठेवून फक्त उंची ६० वाढवा.

नाव टाइप केल्यावर माउसने ओढत बसू नका. सिलेक्ट ऑल करा, लेयर मेनूतून अलाइन लेयर्स टु सिलेक्शन, आधी बॉटम, मग राइट. त्यानंतर मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कळांनी थोडं डावीकडे, थोडं वर. हे सरकणं कोपऱ्यापासून मोजलं जातं, म्हणून उभ्या फोटोतही जागा चुकत नाही. शेवटी फ्लॅटन, आणि बॅचचं फोल्डर वेगळं ठेवा. मूळ फोटोंना हात लागता कामा नये.

टर्मिनलप्रेमी:
इमेजमॅजिकने (कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) हेच एका ओळीत होतं. फक्त त्यातली मॉग्रिफाय ही कमांड मूळ फाइलवरच लिहिते, त्यामुळे पाथ देऊन वेगळ्या फोल्डरात काढा. आणि ऑटो-ओरिएंट (फोटो सरळ उभा करणारा पर्याय) सगळ्यात आधी, नाहीतर मोबाइलच्या उभ्या फोटोंत नाव आडवं पडेल.

कायदेपंडित:
© लिहिलंच पाहिजे असा गैरसमज दिसतोय. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) १९०८ च्या बर्लिन सुधारणेपासून हक्कासाठी कुठलाही औपचारिक सोपस्कार आवश्यक नाही. फोटो काढला की हक्क निर्माण होतो.

एक_वाचक:
मान्य, पण विचारलंय ते चौकटीबद्दल. तरी एक सांगतो, नाव एक्झिफच्या (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीच्या) कॉपीराइट रकान्यातही भरा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूतच सोय असते.

अबोली:
बरीच संकेतस्थळं फोटो चढवताना एक्झिफ काढून टाकतात. भरा जरूर, पण त्यावर विसंबू नका.

कवडसा:
भ्रमर, चौकट सगळ्यांना सारखी आली, नावही जागेवर बसलं! मनापासून धन्यवाद. पण नाव देवनागरीत आहे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जातेय, जोडाक्षरंही फुटताहेत. वर्डमध्ये नीट दिसतं.

टर्मिनलप्रेमी:
गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट उमटते.

भ्रमर:
सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभाग उघडा. आवृत्तीनुसार तिथे ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय दिसेल, तो निवडा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. मग मजकुराचा लेयर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पर्याय चालू करा. फॉन्ट युनिकोडच हवा; मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. ॲक्शनमधली मजकुराची पायरी मात्र पुन्हा रेकॉर्ड करावी लागेल. सगळी बॅच लावण्याआधी एक उभा आणि एक आडवा फोटो तपासून घ्या.