शब्दचर्चा : फ्यूज ‘उडतो’, एमसीबी ‘पडतो’, मग ‘ट्रिप’ला काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल
घरगुती इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यात तीन इशारे आहेत : ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट आणि अर्थ लीकेज. कोशातून अतिभार, लघुपरिपथ आणि भूगळती असे शब्द मिळाले. तिन्ही इशाऱ्यांपुढे ‘यंत्रणा ट्रिप होते’ असंच वाक्य आहे. ‘ट्रिप’ला एकच मराठी क्रियापद ठेवावं का? आणि फ्यूजसाठी शाळेच्या पुस्तकातला ‘वितळतार’ चालेल का?

खांबावरचा
एकच क्रियापद नको. बोलीत फ्यूज ‘उडतो’ किंवा ‘जातो’, आणि एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) ‘पडतो’. हा फरक तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. उडालेली गोष्ट गेली, ती बदलायची. पडलेली उचलता येते. शब्दकोशापेक्षा वायरमनची भाषा इथे जास्त काटेकोर आहे.

‘वितळतार’ हा किटकॅटमधल्या (चिनीमातीच्या जुन्या फ्यूज-धारकातल्या) तारेपुरता उत्तम शब्द. कल्हई केलेली तांब्याची तार : ५ अँपिअरला ०.२० मिमी, १५ ला ०.५० मिमी, ३० ला ०.८५ मिमी. पण ही तार रेटिंगच्या साधारण दुप्पट प्रवाहाला वितळते. म्हणून वायर जेमतेम जाडीची असेल तर तारेआधी तिचंच इन्सुलेशन जातं. कारखान्यातल्या एचआरसी (मोठा दोषप्रवाह तोडू शकणाऱ्या) फ्यूजमध्ये पट्टी असते आणि भोवती क्वार्ट्झची वाळू. तिथे वितळणं हे अर्धंच काम, वितळल्यावर पेटलेली ठिणगी वाळूने विझवायची असते. त्याला ‘वितळतार’ म्हटलं तर निम्मी गोष्ट सुटते. पूर्ण वस्तूला फ्यूजच म्हणा.

सोल्डरवाला
काचेच्या ५ × २० मिमी फ्यूजचंही तसंच. टोपीवरची अक्षरं पत्रकात जशीच्या तशी द्या, भाषांतर करू नका. ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’ म्हणजे संथ उडणारा, ३.१५ अँपिअरचा, कमी तोडक्षमतेचा, २५० व्होल्टपर्यंत चालणारा. ‘टी’च्या जागी ‘एफ’ असेल तर झटपट उडणारा. ‘एल’ प्रकार या आकड्याला जेमतेम ३५ अँपिअरचा दोषप्रवाह सुरक्षितपणे तोडतो, ‘एच’ प्रकार १५०० चा. लोक फक्त ३.१५ बघून ‘एच’च्या जागी ‘एल’ बसवतात आणि शॉर्ट झाला की काच फुटते.

‘फ्यूज उडाला’ एवढ्यावर निदानही होत नाही. तार मध्येच हलकी तुटली असेल तर जास्त लोड किंवा फ्यूजचं वय झालेलं. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) नाहीतर मॉस्फेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. तेव्हा नवा फ्यूज थेट लावू नका. आधी ६० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे.

पाटीपेन्सिल
मग अतिभार आणि लघुपरिपथ, दोन्हीकडे ‘एमसीबी पडतो’ असं लिहिलं तर चालेल ना?

खांबावरचा
पडतो दोन्हीकडे, पण आतून पाडणारे दोघे वेगळे. अतिभाराला द्विधातूची पट्टी तापून वाकते, शॉर्टला कॉइल एका झटक्यात खेचते. १६ अँपिअरचा ‘सी’ एमसीबी घ्या. १८ अँपिअरला तो तासभर पडायला नको. २३ च्या थोडं वर गेलं की तासाभरात पडलाच पाहिजे. आणि ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान कुठेतरी तो तत्काळ पडतो. ‘बी’ प्रकारात हीच मर्यादा ४८ ते ८०. म्हणून पत्रकात वेळेचा शब्द हवा : उचलताच पडला तर शॉर्ट, वीस मिनिटांनी पडला तर अतिभार. दुसऱ्या बाबतीत टर्मिनलचा स्क्रूही तपासा. तो ढिला असला की सांधा तापतो, ती उष्णता पट्टीला लागते आणि लोड योग्य असूनही एमसीबी पडतो. अशा वेळी १६ काढून २५ चा बसवणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण एमसीबी वायरसाठी असतो. २.५ चौरस मिमीच्या वायरला १६ च, १.५ ला १०.

(बातम्यांतलं ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ हे वाक्य याच कारणाने खटकतं. ढिल्या सांध्यावरच्या ठिणग्यांत प्रवाह लोडएवढाच असतो, एमसीबीला त्यात वावगं काहीच दिसत नाही.)

पण तुमचं पत्रक इन्व्हर्टरचं आहे, तेव्हा मुख्य अडचण पुढेच आहे. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर बॅटरीवर असताना साधारण ३.७ अँपिअर देतो. घरात शॉर्ट झाला तरी तो ८० अँपिअर आणणार कुठून? म्हणजे बॅटरीवर एमसीबी पडतच नाही, इन्व्हर्टरचं सर्किट स्वतःच आउटपुट बंद करतं. तिथे ‘पडतो’ही नको आणि ‘उडतो’ही नको. ‘इन्व्हर्टर पुरवठा बंद करतो’ असं सरळ लिहा.

मात्रावेलांटी
‘भूगळती’ मला पटत नाही. जमीन गळतेय असं वाटतं. नुसतं ‘वीजगळती’ही नको, कारण महावितरणच्या बातम्यांमुळे वाचकाच्या डोक्यात त्याचा अर्थ वाहिन्यांतली घट आणि आकडे टाकून केलेली चोरी असा पक्का बसलाय. आरसीसीबीचं (प्रवाह जमिनीकडे गळला की पडणाऱ्या स्विचचं) बटण आणि वीजचोरी असा घोळ कशाला? ‘अर्थ लीकेज’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जमिनीकडे गळणारा प्रवाह’ असं समजावून द्या.

खांबावरचा
सहमत. आणि ‘ईएलसीबी’ लिहू नका. दुकानात आजही तेच मागतात, पण तो व्होल्टेजवर चालणारा जुना प्रकार. आता मिळतो तो आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, आणि पूर्ण ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलाच पाहिजे.

इन्व्हर्टर बसवल्यावर ‘आरसीसीबी उगाच पडतो’ ही तक्रार हमखास येते. उगाच नसतं ते. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. प्रवाह एका वाटेने जातो, दुसरीने परततो, आणि हिशोब चुकतो. शोधायची रीत : सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी उचलत जा. सगळे पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय, कारण एकपोली एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मग मेन बंद करून पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सुटे करायचे. हे काम वायरमनचं, पत्रकात तसं स्पष्ट लिहा.

आणखी एक इशारा जोडा : इन्व्हर्टरने न्यूट्रल आरपार नेलेला नसेल, तर बॅटरीवर असताना जमिनीतून परतीची वाटच राहत नाही. तेव्हा त्या बाजूचा आरसीसीबी दोष असूनही पडणार नाही.

पाटीपेन्सिल
चौथा शब्द राहिला : ‘सर्ज’. मी ‘उच्च दाब’ लिहिलंय.

सोल्डरवाला
नको. उच्चदाब म्हणजे अकरा हजारांची वाहिनी. सर्जला ‘उसळी’ म्हणा, ती काही मायक्रोसेकंदांची असते. न्यूट्रल तुटून घरात ४०० च्या आसपास व्होल्ट आले, तर तो ‘चढा दाब’, तो मिनिटं-तास टिकतो. उसळी एमओव्ही (दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाहू लागणारा चकतीसारखा भाग) पिऊन टाकतो. ‘१४डी४३१के’ म्हणजे १४ मिमीची चकती, १ मिलिअँपिअरला ४३० व्होल्ट, अधिक-उणे १० टक्के. ती २७५ व्होल्ट एसीपर्यंत निवांत असते. ४०० व्होल्ट एसीचं शिखर मात्र ५६५ व्होल्ट. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एमओव्ही वाहू लागतो आणि जळतो. म्हणून त्याच्या आधी फ्यूज लागतोच. ‘सर्ज प्रोटेक्शन’ला ‘चढ्या दाबापासून संरक्षण’ लिहिलंत तर कंपनीने न दिलेलं वचन तुम्ही द्याल.

पाटीपेन्सिल
मसुदा असा झालाय :
१. अतिभार : जास्तीची उपकरणं बंद करा, मग इन्व्हर्टर पुन्हा चालू करा.
२. शॉर्ट सर्किट : इन्व्हर्टर पुरवठा बंद करतो. दोष काढल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.
३. अर्थ लीकेज : आरसीसीबी पडतो. वायरमनला बोलवा.
४. आरसीसीबी बसवलेला असल्यास वेगळ्या एमसीबीची गरज नाही.

खांबावरचा
चौथं वाक्य मुळातच असेल तर कंपनीला कळवा, पण छापू नका. आरसीसीबीला अतिभारही कळत नाही आणि शॉर्टही. दोन्ही कामं एकात हवी असतील तर तो आरसीबीओ, आणि तो शब्द तसाच ठेवा. तिसऱ्यात ‘बॅटरीवर असताना पडेलच असं नाही’ हे जोडायचं राहिलंय.