केबल सोडली, मॅच कशी बघता? कोकणातले अनुभव

गुहागर

२०२५ च्या मार्चमध्ये, आयपीएल सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, मी घरची केबल बंद केली. वीस वर्षांचं कनेक्शन, त्यामुळे केबलवाल्या दादांना फोन करताना जड गेलं. हिशेब आधी कागदावर मांडला होता. नेटवर्क कपॅसिटी फी १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे. एवढ्यात फक्त फुकटचे चॅनेल. त्यावर मराठी मालिकांचा पॅक, त्यावर स्पोर्ट्स. महिन्याला ३८० च्या घरात जायचे, वर्षाला साडेचार हजार. जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन तेव्हा वर्षाला ८९९ रुपयांना होता आणि सासूबाईंच्या बऱ्याचशा मालिकाही त्यातच दिसतात. पण लेकीच्या कॉलेजमुळे फायबर आमच्याकडे आधीपासून होतं, हे सांगायलाच हवं. ते नसतं आणि निव्वळ मॅचसाठी महिन्याला पाच-सहाशेचं नेट घेतलं असतं, तर हा हिशेब उलटा पडला असता.

पैशांचं जमलं, आबांचं जमेना. माझे सासरे ८१ वर्षांचे. केबलच्या रिमोटवर तीन आकडे दाबले की मॅच, हे त्यांना पाठ होतं. आता आधी अ‍ॅप, मग प्रोफाइल, मग भलतेच मोठे फोटो, आणि त्यात कुठेतरी मॅच. पहिला आठवडा ते ओटीवर नुसते बसून राहायचे. "राहू दे, तुम्ही लावाल तेव्हा बघेन." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. शेवटी आरशावरची लाल टिकली काढून रिमोटवरच्या अ‍ॅपच्या बटणावर लावली आणि खालच्या बाणावर हिरवी. लाल एकदा, हिरवी दोनदा, मग मधलं गोल बटण. तीन दिवस शेजारी बसून सराव करून घेतला. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना ओटीवरून समालोचन ऐकू आलं. पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले.

तुमच्याकडे काय झालं ते आकड्यांसकट लिहा. पावसात काय करता, घरातली वयस्क माणसं कशी बघतात, सगळं. केबलकडे परत गेलेल्यांनी तर नक्की लिहा.

देवगड

आमचा आंब्याचा हंगाम आणि आयपीएल एकदमच येतात. दिवसभर फळं उतरवायची घळ घेऊन कलमांवर, रात्री प्रतवारी आणि पेट्या भरणं. टीव्हीसमोर बसायला वेळ कुणाला? मी २०२५ ला जिओहॉटस्टारचा १४९ रुपयांचा तीन महिन्यांचा मोबाइल प्लॅन घेतला. २२ मार्च ते ३ जून, सगळी आयपीएल त्यात बसली. एका उपड्या पेटीला मोबाइल टेकवायचा, पेंढा पसरत पसरत मॅच बघायची. कामगार पोरंही भोवती येऊन बसतात, हात मात्र चालू.

दोन गोष्टी आधी कळायला हव्या होत्या. हा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. मुलाने तास घालवला तेव्हा समजलं. आणि रोजचा दीड जीबी डेटा मोठ्या क्वालिटीत दुसऱ्या डावापर्यंत पुरत नाही. चाकाच्या चिन्हात जाऊन क्वालिटी कमी करून ठेवा. चेंडू थोडा पुसट दिसतो, पण शेवटच्या षटकात अडकायला होत नाही.

केबल मी काढली नाही. २०१९ पासून चॅनेल सुटे घेता येतात, म्हणून फक्त स्पोर्ट्सचे काढून टाकले. आईच्या मालिका चालू राहिल्या.

चिपळूण

आम्ही केबल सोडली नाही, ती वाहून गेली. २२ जुलै २०२१. तळमजल्याचं घर. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, फ्रिज, मुलांची दप्तरं, सगळं एका चिखलात. दुसऱ्याच दिवशी टोकियोत ऑलिंपिक सुरू झालं, पण तेव्हा कुणाचं तिकडे लक्ष होतं? ७ ऑगस्टला संध्याकाळी मी खराट्याने मागच्या खोलीतला गाळ ओढत होतो. मदतीला आलेल्या एका मुलाच्या मोबाइलवर नीरज चोप्राची फेक लागली होती. ८७.५८ मीटर. सुवर्ण. काच तडकलेली, बोटभर स्क्रीन, आणि आम्ही सहा-सात जण गुडघाभर घाणीत उभे राहून बघतोय. सोळा दिवसांत पहिल्यांदा घरात कुणीतरी हसलं.

नवा टीव्ही घेतला तो भिंतीवर उंच लावला, केबल परत जोडलीच नाही. वायफायवर चालतो. एकच त्रास आहे. आमचं चित्र शेजारच्या केबलपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. आमचा बोलर अजून रनअपला असतो आणि भिंतीपलीकडून "गेलाऽऽ" ऐकू येतं. आता मोठी मॅच असली की आम्ही सरळ शेजाऱ्यांकडे जातो. जाताना काहीतरी तळून नेतो.

संगमेश्वर तालुका

मी केबलवाला. इथे लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

लोकांना वाटतं साडेतीनशे रुपये माझ्या खिशात जातात. चॅनेलच्या किमतीतला मोठा वाटा वाहिन्यांचा. १३० ची जी फी, तिच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल तर ५५ टक्के वरच्या मोठ्या ऑपरेटरचे आणि ४५ टक्के माझे. म्हणजे घरामागे साठ रुपयेही नाहीत. त्यात वाडी वाडीला वायर ओढायची. वांदर वायरवर झोके घेतात, वाऱ्यात माडाची झावळ पडली की दोन खांबांमधली लाइन खाली. भर पावसात रात्री नऊला फोन येतो, "मॅच दिसत नाही," आणि मी शिडी घेऊन निघतो. पंचवीस वर्षं निघालोय.

आणखी एक प्रश्न हमखास येतो. भारताची मॅच बाजूच्याच्या फ्री डिशवर डीडीला फुकट दिसते, मग तुमच्याकडे डीडीवर का नाही? २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार खाजगी वाहिनीकडून मिळालेला तो सिग्नल दूरदर्शनला स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतो, आमच्या केबलवर नाही. हे मी प्रत्येक घरात उभं राहून समजावलंय.

गेली तीन वर्षं मीच फायबर देतो. ज्यांनी केबल तोडली त्यांतली बरीच घरं नेटसाठी माझ्याकडेच आली. तेव्हा केबल बंद करायला फोन करताना कुणी संकोचू नका. फक्त सेट टॉप बॉक्स माळ्यावर टाकू नका, परत द्या.

वेंगुर्ला

माका केबल कधी परवडलीच नाय, तेवा सोडूचो प्रश्न नाय. आमच्या घरार डीडी फ्री डिशची छत्री आसा. एकदाच पैसे घातले, मगे म्हयन्याक कायएक भरूचा लागना नाय. लोकांका वाटता तेच्यार क्रिकेट दिसना नाय. तसा नाय. सरकार जे सामने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणान ठरयता, तेंचो सिग्नल २००७ च्या कायद्यान दूरदर्शन चलवणाऱ्या प्रसार भारतीक देवचो लागता.

२०२४ चो टी-२० वर्ल्ड कप जूनात इलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडये वर काढलेले. २९ तारखेक फायनल. आमी धा-बारा जणा पडवेत जाळा शिवत बसलेलव. सूर्यकुमारान मिलरचो झेल सीमेर पकडलो, तेवा माझ्या हातातली सुई जाळ्यात होती ती तशीच रवली. पावस धो धो लागलो की छत्रीचा चित्र फुटता, पण त्या रातीक तो थांबललो.

कणकवली

आमचा प्लॅन दोन स्क्रीनचा, म्हणजे एका वेळी दोनच ठिकाणी चालणारा. पासवर्ड मी डोंबिवलीच्या भावाला दिला, भावाने त्याच्या मेव्हण्याला. रोज काही जाणवलं नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, आपली जेमिमा रॉड्रिग्ज खेळतेय. माझी मुलगी शाळेच्या संघात आहे, हातात बॅट धरूनच बसली होती. आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर आलं की तिसरीकडे चालू आहे, तुमचं बंद. भावाचा फोन लागेना. त्या दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जेमिमाचं नाबाद १२७ आम्ही शेवटी पूर्ण बघितलं, पण दुसऱ्याच दिवशी मी पासवर्ड बदलला. भावाला स्पष्ट सांगितलं, अर्धे पैसे दे आणि तुमच्याकडे एकच स्क्रीन. तो रागावला नाही.

२ नोव्हेंबरची फायनल पावसामुळे उशिरा सुरू झाली, मध्यरात्रीपर्यंत चालली. मुलीला झोपायला सांगितलंच नाही.

राजापूर तालुका

मी परत केबलवर आलोय. निवृत्त शिक्षक. घर खाली व्हाळाजवळ, मोबाइलची रेंज अंगणातल्या एका ठरावीक चिऱ्यावर उभं राहिलं तरच. फायबर वाडीत अजून आलेलं नाही. मुलाने मुंबईहून डोंगल आणून दिला, टीव्हीला नेटवरून चित्र दाखवणारी स्टिक लावून दिली. चित्र गोल गोल फिरत राहायचं.

तरी वर्षभर रेटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया कप आला, तो निघाला सोनी लिव्हवर. म्हणजे ज्याचे पैसे भरले होते त्यात भारत-पाकिस्तान नाही. दुसऱ्याचे वेगळे भरा. केबलवर असताना चॅनेलचा आकडा बदलायचा, एवढंच होतं. आणि एका अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन मी संपलं असं समजत होतो, ते आपोआप चालू राहून खात्यातून पैसे गेले. पेन्शनच्या पासबुकात ती ओळ दिसली तेव्हा कळलं. ज्यांचं असं झालं असेल त्यांनी आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे शोधा, तिथून ते रद्द करता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही एकदा तपासून द्या, ते स्वतःहून विचारायला लाजतात.

रत्नागिरी, सध्या दिवा

मला १७ सप्टेंबर २०२३ आठवतो. मंगळवारी गणपती, रविवारी आम्ही कोकण रेल्वेच्या गाडीत, पाय ठेवायला जागा नाही. आशिया कपची फायनल त्या वेळी मोबाइलवर हॉटस्टारने फुकट ठेवली होती. उक्षी स्टेशन सोडताना श्रीलंका ८ वर १. मग करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, रेंज शून्य. डब्यात पिवळा दिवा आणि सगळे आपापल्या मोबाइलकडे बघत गप्प. भोके स्टेशनच्या बाजूला उजेडात आलो, चित्र परत लागलं, तर १२ वर ५! सिराजने एका षटकात चार काढल्या होत्या. लोकांना आधी ते चुकीचंच वाटलं. मग जो आरडाओरडा झाला, एका काकांच्या मांडीवरचा मखराचा थर्माकोल मोडला आणि तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

केबलचं मी सांगू शकत नाही, भाड्याच्या खोलीत टीव्हीच नाही.

श्रीवर्धन, सध्या कुवेत

माझं उलटं आहे. तुम्ही गावात बसून बाहेरच्या मॅच बघता, मी इथून गावची बघतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. केबलचे खांब, विजेचे खांब, पत्रे, काही राहिलं नाही. गावात केबल बरेच महिने नव्हती, अम्मी-अब्बा तेव्हाच मोबाइलवर बघायला शिकले.

हिवाळ्यात गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. आता बहुतेक स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात, एक पैसा लागत नाही. बांबूच्या मचाणावर कॅमेरा, एक मुलगा माइकवर मराठीत समालोचन करतो, मध्येच सांगतो की अमुक नंबरची बाइक वाटेत लावली आहे, ती हलवा. शुक्रवारी मला सुट्टी असते. खोलीतले आम्ही चौघे, दोघे म्हसळ्याचे, एक दापोलीचा, मोबाइल भिंतीला टेकवून बसतो. माझा धाकटा भाऊ विकेटकीपर आहे.

कॅमेरा सीमारेषेकडे फिरला की मागे आमची सुपारीची वाडी दिसते. वादळात सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, अब्बांनी त्या जागी नवी रोपं लावली. पहिल्या वर्षी कुंपणाच्या वरही दिसत नव्हती. या वर्षी चौकार गेला तेव्हा फिल्डर त्यांच्या सावलीत चेंडू शोधत होता.