सिल्व्हर आयोडाइड १४७ डिग्रीला एकदम सुटतं कसं?

नाशकात एमएस्सीला आहे. लॅबमध्ये सिल्व्हर आयोडाइडची पिवळी गोळी तापवत होतो, मीटर ढिम्म, आणि १४७ च्या आसपास रेझिस्टन्स धाडकन खाली. वितळलं तर नाही, मग झालं काय?

> अरे स्ट्रक्चर बदललं ना. आयोडाइड बॉडी सेंटर्ड क्यूबिकमध्ये (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध) बसतात आणि युनिट सेलमागे, म्हणजे अशा एका घनामागे, चांदीचे आयन २, त्यांना टेट्राहेड्रल जागा (चार आयोडाइडच्या मधल्या) १२, म्हणजे मेळा स्टँडवरची रात्रीची रिकामी एसटी, दोन पॅसेंजर वाट्टेल त्या सीटवर. आयन असे मोकळे फिरले की करंट वाहतो, म्हणून रेझिस्टन्स पडला. १९१४ मध्ये तुबांट आणि लॉरेन्झ या संशोधकांनी कंडक्टिव्हिटीची (वीज वाहण्याची क्षमता) हीच उडी मोजलेली.

> आणि गंमत, ५५८ ला वितळलं की कंडक्टिव्हिटी उलट जरा कमी होते! बाकी गोळी अंधारात ठेव, उजेडात काळी पडते.

थँक्स दादा, कडेनं काळपट झालीये खरी, मला वाटलं चहाचा हात लागला 😅