मदत हवी आहे: घरातला प्रत्येक निर्णय माझा, मग रात्रीही पुढाकार मीच घ्यायचा का?

गिरणाकाठ
स्पष्ट लिहिते. आडून लिहिलं तर उत्तरंही आडूनच येतील. लग्नाला बरीच वर्षं झाली. नवरा चांगला आहे. दारू नाही, हात उचलणं नाही, संशय नाही, त्यामुळे त्यावर प्रश्न नकोत. घर मी चालवते. कर्जाचा हप्ता, मुलाची शाळा, नणंदेकडे आहेर काय करायचा, गावचं शेत कुणाला करायला द्यायचं, सगळं मी ठरवते आणि तो म्हणतो, "तू म्हणशील तसं." मला त्याचा त्रास नाही, मला ते जमतं. पण रात्रीही "तू म्हणशील तसं"च. जवळ मी जायचं, विषय मी काढायचा. तो कधी नाही म्हणत नाही, पण स्वतःहून येतही नाही. दिवाळीनंतर मी ठरवून थांबले, म्हटलं बघू कधी येतो. अजून आलेला नाही. विचारलं तर हसतो, "तसं काही नाही गं."
त्याने पुढाकार घ्यावा म्हणून काय करू? "त्याच्याशी बोला" हे सोडून सांगा.

रावेरचा_बागायतदार
ताई, दोघांची वयं काय? त्यांचं काम कसलं? बीपी, शुगर, झोपेची गोळी, काही चालू आहे का? घरात अजून कोण आहे? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

सुमन_पाचोरा
मला तर कारण तुमच्याच लिहिण्यात दिसतंय. सगळं तुम्ही ठरवता, मग त्यांनी एकाच जागी एकदम कर्ता पुरुष कसं व्हायचं? मी आमच्याकडे व्यवहार यांच्या हातात दिला. हप्ता चुकला तरी गप्प बसले. सहा महिन्यांत माणूस बदलला, चालण्याबोलण्यातसुद्धा. तुम्ही थोडं मागे सरका, ते आपोआप पुढे येतील.

भुसावळ_जंक्शन
सुमनताई, हे पटलं नाही. आपल्याकडे हजारो घरांत बायकोचा पगार, एटीएम, मोबाईलचा पासवर्ड सगळं नवऱ्याच्या ताब्यात असतं. तिथे बायकोची इच्छा मेली तर कुणी म्हणतं का की "दादा, व्यवहार तिच्या हातात द्या"? बाई नीट घर चालवते म्हणून नवऱ्याची इच्छा जाते हा हिशोब मला मान्य नाही.

सुमन_पाचोरा
मान्य करू नका. मी माझ्या घरात पाहिलेलं सांगितलं.

गिरणाकाठ
तो चाळिशीचा, मी छत्तीसची. जळगावला एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, शिफ्ट बदलत असते. बीपीची गोळी चालू आहे, साधीच आहे, तिचा इथे काय संबंध? घरी सासूबाई आणि मुलगा.
आणि हप्ता चुकवून मी गप्प बसणार नाही. त्याला सांगून पाहिलंय की तू बघ. तो बघत नाही.

शिरपूरची_नर्स
संबंध आहे ताई. बीपीच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, काहींना ताठरतेची अडचण येते. सगळ्याच गोळ्यांनी नाही आणि प्रत्येकाला नाही. गोळी सुरू झाली कधी आणि त्याचं हे कधीपासून, एवढं जुळवून बघा. पण गोळी स्वतः बंद करू नका, त्यालाही करू देऊ नका. रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा, गोळी बदलून मिळू शकते. शुगर आणि थायरॉइडही तपासून घ्या. रात्रपाळीने झोप मोडते, त्याचाही परिणाम होतो. डॉक्टर एक हमखास विचारतात, सकाळी उठताना नैसर्गिक ताठरता येते का. येत असेल तर शरीर बहुधा ठीक आहे, कारण दुसरीकडे शोधायचं. याचं उत्तर तुम्ही नाही, त्याने द्यायचं आहे.

आयुर्वेद_प्रेमी
अश्वगंधा आणि शिलाजित, रात्री दुधातून. महिनाभरात फरक. एवढी चर्चा कशाला?

शिरपूरची_नर्स
बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला न तपासता काहीही देऊ नका. बीपी खूप उतरू शकतो. मेडिकलवरून परस्पर आणलेली "ती" गोळी तर मुळीच नको. हृदयासाठी नायट्रेट चालू असलेल्याने ती घेतली तर जिवावर बेतू शकतं. आणि स्टँडबाहेर भिंतीवर "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" लिहिलेलं असतं तिथेही नको.

मूळगाव_अमळनेर
असे विषय चारचौघांत मांडणं बरं दिसतं का? घरातलं घरात राहू द्यावं.

भुसावळ_जंक्शन
घरात उत्तर मिळालं असतं तर त्या इथे आल्या असत्या का? र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात वाचक हेच प्रश्न पाठवायचे. त्या उत्तरांवरून खटला झाला आणि १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. बायकांनाही इच्छा असते, हे तेव्हाच बोलून झालंय.

धुळे_कोर्ट
कायद्याचं सांगतो. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९ प्रमाणे सहजीवनाच्या पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. शिवाय शारीरिक क्षमता असताना, सबळ कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये समर घोष प्रकरणात म्हटलं आहे.

गिरणाकाठ
दादा, मी घटस्फोटाचं विचारलेलं नाही. माझा नवरा मला हवा आहे. म्हणूनच तर लिहिलंय.

कानबाईचं_घर
बहीन, मना घरमा बी असंच शे. मराठीत लिहिते. एकच विचारते, झोपता कुठे?

गिरणाकाठ
बेडरूम आहे. पण कुलर एकच, तो हॉलमध्ये. होळीनंतर सगळे तिथेच. सासूबाई दिवाणावर, आम्ही तिघं खाली, मुलगा मध्ये.

कानबाईचं_घर
मग झालं तर! चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, सासूबाई चार हातांवर, पोरगं मध्ये. कोणता नवरा पुढाकार घेईल? कूस वळली तरी सगळ्या घराला कळतं. आमच्याकडे तर मे महिना गच्चीवर जातो, शेजारच्या गच्चीवर त्यांची पंगत.

गिरणाकाठ
पण मी दिवाळीनंतर थांबले होते. दिवाळी ते होळी थंडी होती, बेडरूममध्येच होतो, मुलगा आजीजवळ झोपायचा. तेव्हाही नाहीच. त्यामुळे सगळं कुलरवर ढकलता येत नाही.

चाळीसगाव_लोकल
मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण मी तसाच आहे. माझी बायकोही सगळं बघते, ऑफिस, घर, माझे आईवडील. रात्री ती पडली की दिवसभराचा शीण तिच्या चेहऱ्यावर दिसतो. मला वाटतं, आता मी काही मागितलं तर तिच्या यादीत अजून एक काम वाढेल. तिने सुरुवात केली की कळतं, आज तिला हवंय, मग मलाही मोकळं वाटतं. नको असतं असं नाही. आणि मी थेट विचारत नाही. लाईट घालवायच्या आधी एवढंच विचारतो, "सकाळी लवकर आहे का तुझं?" ती "नाही" म्हणाली की पुढचं पुढे.

गिरणाकाठ
हा प्रश्न तो विचारतो. अगदी हाच, बटणावर हात ठेवून. मी म्हणते, हो, पाच वाजता, उद्या पाण्याचा दिवस आहे. मला वाटायचं डब्याचं विचारतोय. तो लाईट घालवतो आणि पाठ करून झोपतो.

नंदुरबारची_मिरची
थांबा, लगेच त्याला सूट देऊ नका. पाण्याच्या दिवसाआडून कोण विचारतं? बायकोने मन ओळखायचं, नवऱ्याने नुसता अंदाज सोडायचा आणि उत्तर उलट आलं की कूस बदलायची. कंपनीत पगारवाढ मागताना तोंड उघडतंच ना? ताईंना नुसता संबंध नकोय, आपण कुणाला तरी हव्या आहोत हे ऐकायचंय. ते "सकाळी लवकर आहे का" मध्ये ऐकू येत नाही.

गिरणाकाठ
हेच. हेच मला लिहिता येत नव्हतं. विचारणारी कायम मीच असले की असं वाटतं, तो माझ्यावर उपकार करतोय.

चाळीसगाव_लोकल
मिरचीताई, बरोबर आहे तुमचं. पण थेट विचारल्यावर "आत्ता काय हे" असं एकदा ऐकलं की पुरुषही वर्षभर गप्प बसतो. नकार पचवायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

नंदुरबारची_मिरची
बायकांना नकार द्यायचाच नाही असं शिकवलंय, ते त्याहून वाईट. दोघांनाही "आज नको" म्हणता आलं पाहिजे आणि त्यावर दोन दिवस तोंड पाडून बसायचं नाही. हे नसेल तर कुणीही पुढाकार घ्या, धाक राहणारच.

शिरपूरची_नर्स
समुपदेशक जोडप्यांना एक गोष्ट करायला सांगतात, चालेल का बघा. काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही, हे दोघांनी आधीच ठरवायचं. फक्त जवळ पडायचं, हात, पाठ, केस, एवढा स्पर्श. आणि पाळी लावायची, एका दिवशी सुरुवात तुमची, पुढच्या वेळी त्याची. ज्याची पाळी त्याने तोंडाने विचारायचं, "येऊ का?" दुसऱ्याला नको म्हणायची मुभा. पुढे काही करून दाखवायचं नसल्यामुळे भीती जाते. आणि सगळ्यांना आधी इच्छा होऊन मग जवळ यावंसं वाटतं असं नाही. कित्येकांना जवळ आल्यावर इच्छा होते. तो त्यातला असेल तर तुम्ही वाट बघत बसलात त्या महिन्यांत त्याला काही सुचलंच नसेल.

सुमन_पाचोरा
नवराबायकोत पाळ्या लावायच्या? शेताला पाणी द्यायचंय का?

शिरपूरची_नर्स
आत्ता सगळ्या पाळ्या ताईंच्याच आहेत. त्यापेक्षा बरं.

रावेरचा_बागायतदार
मूळ प्रश्नावर येतो. ताई, "त्याच्याशी बोला सोडून" असं तुम्ही लिहिलंत, पण वर जे निघालं ते सगळं बोलल्याशिवाय होणारं नाही. फक्त रात्री अंथरुणावर नको. त्याला दुपारपाळी असेल तेव्हा सकाळी, पोरगा शाळेत गेल्यावर. आणि "तू का येत नाहीस" असं नको. "तू आलास तर मला फार आवडेल" असं.

गिरणाकाठ
शाळेला सुट्टी लागली आहे, पण सासूबाई सकाळी देवळात जातात, तेवढा वेळ मिळेल. गोळीचं पाकीट काढून ठेवलंय. ती गेल्या पावसाळ्यात सुरू झाली, हे आता जुळवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. जळगावात यासाठी कोणाकडे जायचं? आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यंदा मी माहेरी जात नाही, मुलाला आणि सासूबाईंना पाठवते. चार दिवस घर आमचं.

शिरपूरची_नर्स
आधी बीपी बघणारे फिजिशियन. त्यांनी शरीर ठीक सांगितलं तर मानसोपचार ओपीडी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केसपेपर काढून जाता येतं. वेड्यांचा डॉक्टर वगैरे मनात आणू नका, जोडप्यांच्या या तक्रारी तिथे रोज येतात. जाताना दोघं जा.

कानबाईचं_घर
आखाजीचं तुम्हीच ठरवलंत का? त्यांना विचारलं?

गिरणाकाठ
नाही विचारलं. उद्या सकाळी तेच आधी विचारते. तोपर्यंत कुणी सांगेल का, बेडरूमला एकच खिडकी आहे, तिथे कुलर लावला तर हवा खेळेल का? खोली लहान आहे.

रावेरचा_बागायतदार
खिडकीला बाहेरून लावा आणि समोरचं दार फटीएवढं उघडं ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर नुसता दमटपणा साचतो, गादी चिकट होते. खोलीची लांबी-रुंदी टाका, साइज सांगतो.