बिनअंड्याची, बिनलोण्याची ब्राउनी : तुमची जमली की फसली?

प्रतापनगर (धागा मीच काढतेय; आपण सगळे नागपूरकर, नावाऐवजी वस्ती लिहू)

माझा मुलगा दिवाळीत बंगळुरूहून आला तो व्हीगन होऊन, म्हणजे दूध-तूप-अंडं, प्राण्यांपासून आलेलं काहीच खायचं नाही. सकाळी चहाचा कप परत आला, दुपारी कढी परत आली, आणि संध्याकाळी त्याच्या बाबांनी विचारलं, "मग हा खाणार काय?" तसं फार अडलं नाही. बिनतुपाचं वरण-भात, झुणका, भरली वांगी, सांभारवडी, सगळं चालतंच की. अडलं ते वाढदिवसाला. त्याला ब्राउनी हवी होती.

पाककृतीत अंड्याऐवजी 'फ्लॅक्स सीड' लिहिलेलं. मी ऑनलाइन २०० ग्रॅमचं पाकीट मागवलं. फोडलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर जवस आहे!" चटणीसाठी आणलेलं किलोभर जवस फडताळात होतंच. ते पाकीट आजही मला वेडावून दाखवतं.

पुढची चूक आणखी मोठी. जवस दळून घ्यायचं असतं हे वाचलंच नाही, अख्खंच भिजवलं. ब्राउनीच्या कडा खारकेसारख्या, मध्ये शिरा, आणि दाताखाली जवस कचकच. लेकानं दोन तुकडे खाल्ले, "छान झालीय" म्हणाला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

आता जमते ती अशी : दोन मोठे चमचे कच्चं जवस मिक्सरमधून बारीक करून सहा चमचे पाण्यात पंधरा मिनिटं. उचलल्यावर चमच्याला तार सुटली पाहिजे. त्यात एक कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा कप गरम कोरी कॉफी घालून साखर विरघळेस्तोवर फेटायचं. मग एक कप मैदा, अर्धा कप कोको, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट-दोन चिमूट मीठ चाळून घालायचं आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. शेवटी शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे. आठ इंची चौकोनी डबा, १७५ अंश, पंचवीस मिनिटं. कप म्हणजे मापाचा कप. आमच्याकडे पहिल्यांदा चहाच्या कपानं मोजलं होतं, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

माझं एकच रडगाणं उरलंय. विकतच्या ब्राउनीवर ती कागदासारखी तडकलेली चकचकीत पापडी असते ना, ती माझ्या ब्राउनीवर येत नाही. कुणाला आली असेल तर सांगा. आणि फसलेल्यांनी आधी लिहा, लाजू नका.

महाल

माह्याकडे ओव्हन नाही अन् घेणारही नाही. मी कढईत करते. जाड बुडाची जुनी कढई, तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर रिंग, वर झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्यायची, मंग डबा ठेवून गॅस बारीक. नात म्हणते चाळीस मिनिटं, मले पन्नास लागतात.

एक डाव झाकणाले वाफ धरून थेंब थेंब ब्राउनीवर गळले. वरून नुसता चिखल. तवापासून झाकण फडक्यात बांधते, ढोकळ्याले बांधतो तसं. फडक्याची टोकं वर मुठीले गच्च बांधा बाप्पा, खाली लोंबू देऊ नका. गॅस खालीच असते.

अन् ते मीठ फेकू नका, पुढच्या खेपेले कामी येते. फक्त बरणीवर लिहून ठेवा. आमच्या घरच्यांनी ते भाजीत घातलं अन् मलेच इचारते, आज भाजीले जळका वास काऊन येऊन राह्यला?

रामदासपेठ

मी निवृत्त रसायनशास्त्राचा मास्तर, त्यामुळे माझं फसणंही रसायनाचंच. मी बेकिंग पावडरऐवजी सोडा वापरला, आणि कोको होता डच-प्रोसेस्ड, म्हणजे अल्कली देऊन आम्लता काढून टाकलेला. सोड्याला फुलायला आम्ल लागतं. इथं ते कुठून मिळणार? सोडा तसाच राहिला आणि ब्राउनीला साबणाची चव आली. चाळीस वर्षं पोरांना आम्ल-अल्कली शिकवलं त्याचं हे फळ.

कोकोच्या डब्यावर घटकांची ओळ वाचा. त्यात आम्लता नियामक ५०१ असा काही आकडा दिसला तर तो अल्कली दिलेला कोको. रंगानं काळपट, चवीला मवाळ. त्याला बेकिंग पावडरच हवी, कारण तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. साधा कोको फिकट आणि आंबूस असतो, त्याला पाव छोटा चमचा सोडा चालतो.

साबणानंतर मी हट्टानं एक प्रयोग केला. साधा कोको, सोडा, आणि कॉफीऐवजी संत्र्याचा रस. रसातलं आम्ल आणि सोडा यांचं लगेच जुळतं, म्हणून पीठ कालवल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, थेट भट्टीत. सालीचा कीसही घातला. पण आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीवर घसरते आणि फाटते. घट्ट, ताजं फळ निवडा, न सोलता अख्खं हातात धरून फक्त वरचा नारिंगी थर किसा. खालचा पांढरा भाग कडू असतो. चव विचाराल तर संत्रा बर्फी जरा शिकून शहाणी झाल्यासारखी.

इतवारी

दूध-तूप सोडून हे उपद्व्याप कशाला? आपल्या आज्या काय वेड्या होत्या?

प्रतापनगर

@इतवारी, आज्यांनी ब्राउनी केल्याचं ऐकिवात नाही. पुढे.

मनीषनगर

मी घरून ऑर्डर घेते, त्यामुळे मला पाकिटाची मागची बाजू वाचायचं व्यसन आहे. नव्यानं करणाऱ्यांचा एक गैरसमज हमखास असतो : हिरवा ठिपका म्हणजे चालतंय. हिरवा ठिपका शाकाहारी म्हणून असतो, त्यात दूध, लोणी, दुधाची भुकटी सगळं येतं. व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आहे, हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. २०२२ च्या नियमांनी ते आलं. पण सगळ्या मालावर अजून दिसत नाही, म्हणून घटक वाचायला पर्याय नाही. 'डार्क' लिहिलेल्या कितीतरी चॉकलेटांत मिल्क सॉलिड्स किंवा बटर ऑइल असतं.

आता माझी गोष्ट. एका आईनं वाढदिवसाला व्हीगन ब्राउनी मागवली. मी आनंदानं 'हो' म्हटलं. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री सहज बोलताना कळलं की मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. माझ्या पोटात गोळा आला. कारण त्याच ओव्हनमध्ये, त्याच डब्यात मी दुपारी बटरचा केक केलेला, आणि चॉकलेटच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'दुधाचे अंश असू शकतात'. जो माणूस तत्त्व म्हणून दूध सोडतो त्याला तेवढ्यानं काही होत नाही. ॲलर्जीवाल्या लेकराला मात्र होऊ शकतं. मी रात्री साडेदहाला फोन करून ऑर्डर नाकारली. ती चिडली, बोलली. दुसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला. काय होता ते नाही सांगत, पण आता मी ऑर्डर घेताना पहिला प्रश्न तोच विचारते.

कंपाउंड चॉकलेटबद्दलही सांगते, कारण सगळे स्वस्त म्हणून तेच आणतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. वितळतं सोपं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं. दुधाचं नसलेलं कंपाउंड मिळतं, पण ब्राउनीत चॉकलेटशिवाय दुसरी चवच नसते हो. तिथं हात आखडू नका.

धंतोली

माझा किस्सा छोटा. नवरा कौतुकानं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणतो. मी तेच घातलं. घरभर असा खमंग वास सुटला की शेजारच्या काकूंनी विचारलं, "चिवडा करताय का?" ब्राउनीला वास नसलेलं तेलच घ्या. रिफाइंड सूर्यफूल किंवा रिफाइंड खोबरेल. खोबरेलाचा फायदा म्हणजे गार झाल्यावर ते गोठतं आणि तुकडा फजसारखा घट्ट बसतो. ती चिवडा-ब्राउनी पोरांनी संपवली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते.

त्रिमूर्तीनगर

काकू, तुमच्या पापडीचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते छोल्यांच्या कुकरात आहे.

काबुली चणे मीठ-सोडा न घालता शिजवायचे आणि त्याच पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे. सकाळी वरचं पाणी गाळून घ्या, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत हवं. पातळ वाटलं तर उकळून आटवा. याला ॲक्वाफाबा म्हणतात. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाला कडधान्याच्या पाण्याचा फेस होतो हे लक्षात आलं, आणि पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकन इंजिनिअरनं त्याला हे नाव दिलं. तोवर जगभर लोक ते मोरीत ओतत होते, माझी आई धरून.

तीन मोठे चमचे पाणी म्हणजे साधारण एक अंडं. मी सहा चमचे घेतो, हँड मिक्सरनं पांढरा फेस होईपर्यंत फेटतो, मग पिठीसाखर थोडी थोडी घालत आणखी पाच मिनिटं. ती पापडी म्हणजे विरघळलेल्या साखरेचा वर येऊन सुकलेला पातळ थर. दाणेदार साखर नीट विरघळली नाही की ती येत नाही. तुम्ही जवस तसंच ठेवा, निम्मं करा हवं तर, आणि कॉफी कमी करा, नाहीतर पीठ पातळ होईल.

माझं फसणं : हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा ओव्हन कन्व्हेक्शनवर न लावता नुसत्या मायक्रोवेव्हवर लावला, पंचवीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला धूर. वॉर्डनसरांनी तो कोळसा पुरावा म्हणून टेबलावर ठेवला होता. आठवडाभर होता. मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत.

वर्धा रोड

मे महिन्याचं कुणीच लिहिलं नाही? कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे बाहेर ४५. मी चॉकलेट दुपारच्या डिलिव्हरीनं मागवलं, पाकिटात सूप आलं. फ्रीजमध्ये गोठवलं तर वर पांढरी बुरशी! फेकून दिलं. नंतर कळलं ती बुरशी नव्हतीच, वितळून पुन्हा गोठताना कोको बटर वर येतं, खायला काही हरकत नसते. पाचशे रुपये गेले. आता उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला भाजते, कूलर सुरू व्हायच्या आधी, आणि पूर्ण गार झाल्यावर दोन तास फ्रीजमध्ये ठेवूनच कापते. गरम कापाल तर ब्राउनी नाही, हलवा वाढाल. सुरी प्रत्येक कापाला पुसा.

आणि काडी घालून बघाल ना, ती केकसारखी कोरडी येण्याची वाट बघू नका. ओलसर चुरा चिकटलेला असतानाच काढा. माझ्या पहिल्या तीन ब्राउन्या याच पायी वाळल्या.

प्रतापनगर

त्रिमूर्तीनगरवाल्या लेकरा, आली! पापडी आली! रविवारी छोले झाले, सोमवारी ब्राउनी. साडेतीन चमचे कॉफी, सहा चमचे छोल्यांचं पाणी, एक चमचा जवस. तेविसाव्या मिनिटाला काचेतून पाहिलं तर वर तडे जात होते, उन्हाळ्यातल्या शेतासारखे. मी मुलाला व्हिडिओ कॉल करून ओव्हनची काच दाखवली. तो मीटिंगमध्ये होता.

त्याचे बाबा म्हणाले, दूध नाही म्हणता, कळत नाही. मग रात्री अकराला फ्रीजचा दिवा लागलेला दिसला.

महालच्या ताई, मिठाच्या बरणीवर लेबल लावलं आहे. आणि सासूबाई कालपासून विचारताहेत, चटणीचं किलोभर जवस गेलं कुठे.