मदत हवी आहे: इस्तंबूलला टमी टक, परतल्यावर जखम कोण बघणार?

मी लंडनला राहते, वय ४१. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू फाकलेत, म्हणून नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलला टमी टक (पोटाची सैल कातडी काढून स्नायू घट्ट करण्याचं ऑपरेशन) करायचं ठरतंय. मधुमेह नाही, सिगारेट नाही, आणखी मूल नको. 'भारतात का नाही?' तर एवढी रजा नाही, आणि नऊ-दहा तासांचं विमान नको.

क्लिनिकच्या पॅकेजमध्ये पाचच रात्री आहेत. एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) सल्ला मात्र टमी टकनंतर ७ ते १० दिवस विमानप्रवास टाळा असा. पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. मी १२ दिवस राहायचं म्हटलं, तर समन्वयक बाई हसल्या! सर्जनशी व्हिडिओवर बोलायलाच तीन आठवडे लागले. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) कधी काढणार, हे लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हे बसत नाही, म्हणून वेगळी पॉलिसी बघतेय. जीपी (इथले फॅमिली डॉक्टर) म्हणाले, इमर्जन्सी बघू, पण नेहमीची ड्रेसिंग नाही.

इंग्लंडातून जाऊन आलेल्यांनी सांगा: परतल्यावर ड्रेसिंग कुणाकडे केलं? खासगी नर्स किंवा सर्जन दुसऱ्याने केलेलं ऑपरेशन हातात घेतात का, आणि हे जाण्याआधीच ठरवून ठेवता येतं का?